आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या कॉलेजांची झाडाझडती

कॉलेजच्या ब्रोशरवर पृथ्वीचा गोल असणं इतकं नेहमीचं झालंय की आता गोल नसलेलं ब्रोशरच उठून दिसेल. दोनशे पार्टनर युनिव्हर्सिट्या, ऐंशी देशांचे विद्यार्थी, ‘ग्लोबल सिटिझन’ ही वाक्यं एका कॉलेजच्या पानावरून काढून दुसऱ्याच्या पानावर चिकटवली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. म्हणून ब्रोशर बाजूला ठेवायचं, कॅटलॉग, म्हणजे कॉलेजचं नियमांचं आणि अभ्यासक्रमांचं पुस्तक, उघडायचा आणि त्यातलं पदवीच्या अटींचं पान काढायचं. परदेशातलं सेमिस्टर किंवा परदेशी भाषा यांतलं काही तिथे अट म्हणून लिहिलंय का, एवढंच बघायचं. अट असेल तर वेळापत्रक, पैसे आणि माणसं यांची तजवीज कॉलेजला करावीच लागते. नाहीतर पदवीच देता येणार नाही. अट नसेल तर परदेश ही ज्याची त्याची हौस, आणि हौसेची धावपळही ज्याची त्याची. या एका कसोटीवर काही नावाजलेली कॉलेजं इथे घासून पाहिली आहेत.

सगळ्यात सरळ उतरतं ते कॅलिफोर्नियातलं सोका युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका. पदवीचे वर्ग २००१ साली सुरू झालेलं हे लहानसं लिबरल आर्ट्स, म्हणजे भाषा, समाजशास्त्रं, विज्ञान असे विषय एकत्र शिकवणारं, कॉलेज. प्रत्येकाने एक परदेशी भाषा शिकायची आणि तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर परदेशात काढायचं. सगळेच जातात, त्यामुळे ‘मी गेलो तर माझा अमुक विषय बुडेल’ ही तक्रार उरत नाही. सगळं वेळापत्रकच त्या हिशेबाने बांधलेलं आहे. उणीव एकच, पण मोठी. पदवी एकच, लिबरल आर्ट्समधली बी.ए., आणि तिच्या पोटात मोजकी कॉन्सन्ट्रेशन्स, म्हणजे विशेष विषयांचे गट. इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चर हवं असणाऱ्याने इथे वेळ घालवू नये.

बाल्टिमोरच्या गाउचर कॉलेजने २००६ मध्ये पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परदेशी अभ्यासाची अट घातली. अमेरिकेत तेव्हा ही गोष्ट नवलाची होती. पण अट वाचताना ती किमान कितीवर भागते हेही वाचावं लागतं. प्राध्यापकाबरोबर गटाने जाऊन केलेला तीन आठवड्यांचा कोर्सही तिथे चालत आला आहे. तीन आठवड्यांत शहर बघून होतं. तिथल्या लायब्ररीचं कार्ड, बसचा महिन्याचा पास, तिथल्या शिक्षकाच्या शेऱ्यांचा खरा अर्थ या गोष्टी त्यानंतर सुरू होतात. सध्याचा नियम काय आहे तो आपल्या प्रवेशवर्षाच्या कॅटलॉगमध्ये बघावा, जुन्या बातमीवर जाऊ नये. हे सगळ्याच कॉलेजांना लागू आहे: विद्यार्थ्याला बांधील असतो तो सहसा त्याच्या प्रवेशवर्षाचा कॅटलॉग.

फ्रान्समधल्या सियान्स पो या विद्यापीठाचं गणित सगळ्यात पक्कं वाटतं. पदवीची पहिली दोन वर्षं कॅम्पसवर, तिसरं परदेशात. कॅम्पस सात, आणि पॅरिसबाहेरच्या प्रत्येकाला जगाच्या एका भागाचा रंग: ल आव्ह्र आशियाचा, मांतों भूमध्य समुद्र आणि मध्यपूर्वेचा, दिजों मध्य आणि पूर्व युरोपचा, प्वातिए लॅटिन अमेरिकेचा. म्हणजे मुलगा परदेशी जाण्याआधी दोन वर्षं त्या भागाचा इतिहास, अर्थकारण, भाषा शिकून गेलेला असतो. विमानात बसून गाइडबुक चाळणारा नसतो. अमेरिकेच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीबरोबरचा दुहेरी पदवीचा कार्यक्रमही आहे, दोन वर्षं इकडे आणि दोन वर्षं न्यूयॉर्कला, चार वर्षांत दोन पदव्या. गोम अशी की हे सगळं समाजशास्त्रं, राज्यशास्त्र, कायदा, इतिहास, अर्थशास्त्र या पट्ट्यात आहे, आणि कॅम्पस निवडला की जगाचा भागही निवडला गेला. सतराव्या-अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी नकोसा वाटला तर कॅम्पस बदलणं कॉलेजच्या मर्जीवर.

ईएससीपी हे १८१९ साली स्थापन झालेलं बिझनेस स्कूल. बर्लिन, लंडन, माद्रिद, पॅरिस, तुरीन आणि वॉर्सा इथे कॅम्पस. त्यांची मॅनेजमेंटची बॅचलर पदवी तीन वर्षं, तीन देश अशी. कागदावर यापेक्षा आंतरराष्ट्रीय काय असणार! पण तीन देश म्हणजे तीनदा घर शोधणं, तीनदा घराचं डिपॉझिट, तीनदा बँकेचं खातं आणि ज्यांना लागतो त्यांना प्रत्येक देशाचा मुक्कामाचा परवाना. एका शहरात बस्तान बसेपर्यंत पहिलं सेमिस्टर संपतं, आणि स्थानिक भाषेत दुकानदाराशी हुज्जत घालण्याइतकं बळ येतं तेव्हा निघायची वेळ झालेली असते. ज्याला कामाच्या निमित्ताने पुढे आयुष्यभर फिरायचंय त्याला ही उत्तम तालीम. ज्याला एका देशात मुळं धरायची आहेत त्याने हा मार्ग घेऊ नये.

मिनर्व्हा युनिव्हर्सिटी याच कल्पनेचं टोक. २०१४ साली पहिली तुकडी आली, २०२१ मध्ये स्वतंत्र मान्यता मिळाली. नेहमीसारखा कॅम्पस नाही. मुलं वेगवेगळ्या देशांतल्या शहरांत एकत्र राहतात आणि वर्ग मात्र संगणकावर, छोट्या गटात, थेट चर्चेचे. चर्चा खरंच कडक असते, मागच्या बाकावर डुलक्या काढायची सोय नाही. पण प्रयोगशाळा, वर्कशॉप, मोठं ग्रंथालय यांची सवय असलेल्या विषयांना हे मानवत नाही, आणि शहर बदललं तरी वर्ग तोच, चेहरे तेच.

चेहरे तेच राहण्याचा हा दोष मोठ्या नावांतही सापडतो. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे पदवी देणारे तीन कॅम्पस आहेत: न्यूयॉर्क, २०१० साली सुरू झालेला अबू धाबी आणि २०१३ मध्ये पदवीची पहिली तुकडी घेतलेला शांघाय. शिवाय अक्रा, बर्लिन, फ्लॉरेन्स, प्राग, सिडनी अशी अभ्यासकेंद्रं. घरच्या घरात फिरणं असल्यामुळे क्रेडिट, म्हणजे कोर्स पूर्ण केल्यावर पदवीच्या खात्यात जमा होणारी एककं, अडकत नाहीत, ग्रेड तशीच येते, फीचा हिशेब एकच. सोयीच्या बाबतीत याला तोड नाही. पण फ्लॉरेन्सच्या वर्गात शेजारी बसणारा इटालियन नसून बहुतेक न्यूयॉर्कचाच वर्गमित्र असतो. याला या व्यवहारात बेट म्हणतात: शहर परकं, वर्ग आपला. शांघायचा कॅम्पस त्यातून बराच सुटलाय, कारण तिथे साधारण निम्मे विद्यार्थी चीनचे आणि निम्मे इतर देशांचे आहेत, आणि ज्यांना चिनी येत नाही त्यांना ती शिकल्याशिवाय पदवी नाही. निवड याच संस्थेत करायची असेल तर अभ्यासकेंद्रांच्या लांबलचक यादीपेक्षा मूळ कॅम्पस कोणता घेताय याला जास्त वजन द्या.

निम्मे-निम्मे हे सूत्र जपानमधल्या बेप्पूच्या रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक युनिव्हर्सिटीने २००० साली स्थापनेपासूनच धरलंय. प्रवेश इंग्रजी किंवा जपानी यांपैकी एका भाषेच्या पायावर मिळतो, आणि इंग्रजीवाल्यांना जपानी शिकावीच लागते. इथे परदेश बघायला बाहेर जायची गरजच कमी. कॉलेज आंतरराष्ट्रीय असण्याचा हा प्रकार आम्हाला जास्त पटतो, कारण तो एका सेमिस्टरपुरता नसतो, रोजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये असतो. मात्र टक्केवारी वाचताना एक प्रश्न विचारायचाच: परदेशी विद्यार्थी किती देशांतून, आणि सगळ्यात मोठा गट किती? चाळीस टक्के परदेशी, त्यातले तीस एकाच देशाचे आणि एकाच डिपार्टमेंटचे, असं असेल तर त्या कॉलेजात दोन वेगळी कॉलेजं नांदत आहेत.

आता क्रेडिट. सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, आणि प्रवेश घेताना सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

युरोपात पूर्ण वर्षाचे ६० ईसीटीएस (युरोपची सामाईक क्रेडिट), सेमिस्टरचे ३०. एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, त्यात लेक्चर, वाचन, परीक्षेची तयारी सगळं आलं. अमेरिकेत वर्षाला साधारण ३० क्रेडिट, म्हणून ढोबळ भाव दोनास एक. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२०. तिथला २० क्रेडिटचा कोर्स म्हणजे युरोपचे १० आणि अमेरिकेचे ५. हिशेब सोपा आहे. घोडं अडतं ते अर्धुकापाशी.

समजा, अमेरिकी कॉलेजातली एक विद्यार्थिनी सेमिस्टरसाठी अशा युनिव्हर्सिटीत गेली जिथे कोर्स ६ ईसीटीएसचे आहेत. पाच कोर्स, ३० ईसीटीएस, घरी १५ क्रेडिट, काम फत्ते. तिची मैत्रीण गेली तिथे कोर्स ५ ईसीटीएसचे. सहा कोर्स करून तिचेही ३० भरले, घरी १५ जमाही झाले, पण प्रत्येक कोर्स अडीच क्रेडिटचा. मेजरची, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाची, अट म्हणते: इकॉनोमेट्रिक्स, ३ क्रेडिट. रजिस्ट्रार म्हणतो, अर्धा कमी. एकूण बेरीज बरोबर आणि खाना रिकामा! तो भरायला शेवटच्या वर्षी पूर्ण कोर्स पुन्हा, नाहीतर अर्ध्या क्रेडिटचा स्वतंत्र अभ्यास एखाद्या प्राध्यापकाच्या मिनतवाऱ्या करून. ज्या कॉलेजचं परदेशी काम खरंच चालतं तिथे ‘अडीच असले तरी विषयाची अट पूर्ण धरली जाईल, फक्त एकूण बेरीज भरा’ असा लेखी नियम असतो. तो नियम मागून बघा. उत्तर ‘केस टू केस ठरवतो’ असं आलं तर तुमची केस डिपार्टमेंटमध्ये त्या वर्षी कोण बसलंय त्यावर ठरणार.

क्रेडिट मिळणं आणि ते मेजरला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरचा कोर्स ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) ‘जनरल इलेक्टिव्ह’, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून चढला की बेरीज वाढते, मेजरचं एकही घर भरत नाही. म्हणून कॉलेजकडे पार्टनरांची यादी मागू नका, गेल्या तीन वर्षांत मंजूर झालेल्या समकक्ष कोर्सांचा तक्ता मागा: बाहेरच्या कोर्सचं नाव, इथला कोड, मेजरला लागला की इलेक्टिव्हमध्ये गेला. असा तक्ता बऱ्याच चांगल्या कॉलेजांच्या वेबसाइटवर उघडाच असतो. तुमच्या मेजरच्या नावाने त्यात चार-पाच ओळी दिसल्या तर वाट मळलेली आहे. एकही नसेल तर पहिली वाट तुम्हाला पाडायची आहे.

जायचं ठरलं की क्रम असा ठेवावा. कोर्सच्या नावावर जाऊ नये, सिलॅबस मिळवावा, कारण मंजुरी आठवड्यांचा आराखडा, पुस्तकं आणि परीक्षेचं वजन बघून मिळते. हव्या असलेल्या प्रत्येक कोर्समागे एक पर्यायी कोर्सही आधीच मंजूर करून घ्यावा. तिकडे गेल्यावर दोन कोर्सांच्या वेळा एकमेकांवर आदळणं किंवा कोर्स त्या सेमिस्टरला नसणं हे नेहमीचं आहे. सही विमानात बसण्याआधी, आणि ईमेलवर नव्हे, फॉर्मवर. बदल करावा लागला तर पहिल्या दोन आठवड्यांत कळवायचं. तिथले पेपर, असाइनमेंट, वाचनयादी जपून ठेवायची, कारण वाद निघाला तर हाच पुरावा. आणि पार्टनर युनिव्हर्सिटीचं ट्रान्स्क्रिप्ट सेमिस्टर संपल्यावर कित्येक आठवड्यांनी येतं, म्हणून पदवीच्या शेवटच्या सेमिस्टरला शक्यतो जाऊ नये. पदवीदान समारंभ होऊन जातो आणि कागद वाटेतच.

वेळापत्रकाचं भांडण वेगळंच. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं, लेक्चर फेब्रुवारीपर्यंत आणि परीक्षा त्याच सुमारास किंवा पुढेही. अमेरिकेत दुसरं सेमिस्टर जानेवारीतच उघडतं. म्हणजे तिथून पहिल्या सेमिस्टरला जर्मनीत गेलेल्या मुलाची परीक्षा आणि घरचा पहिला आठवडा एकमेकांवर चढतात. उन्हाळी सेमिस्टर एप्रिल ते जुलै. त्यात मुलगा जानेवारी ते मार्च मोकळा राहतो, पण वर्ष वाचतं. ऑस्ट्रेलियात पहिलं सेमिस्टर फेब्रुवारी-मार्चला सुरू होतं, जपानमध्ये वर्ष एप्रिलला. ब्रिटनमध्ये काही विषय वर्षभराचे असल्याने फक्त एका टर्मला आलेल्याला वेगळं मूल्यमापन मागावं लागतं. कॉलेजने हे तोडगे आधीच काढून ठेवलेत का हे विचारलं की त्यांच्या ऑफिसात काम किती झालंय ते कळतं.

ग्रेडचं रूपांतरही कुठल्या कोष्टकाने होतं ते बघावं. जर्मन युनिव्हर्सिट्यांत बाहेरच्या गुणांसाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वाधिक गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. १० पैकी ८ मिळाले आणि पास व्हायला ४ लागतात, तर २ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.०. तिथे १.० सर्वोत्तम, म्हणून हे चांगले गुण झाले. फ्रान्समध्ये २० पैकी १४ म्हणजे छान, १८ क्वचित. ब्रिटनमध्ये ७० म्हणजे फर्स्ट क्लास. कोष्टक न वापरता नुसती टक्केवारी काढणारं कॉलेज ७० ला सामान्य गुण समजतं आणि हुशार मुलगी वर्षभराची जीपीए (ग्रेडची सरासरी) घालवून बसते. म्हणूनच अनेक कॉलेजं बाहेरचे गुण फक्त पास-नापास म्हणून घेतात. जीपीए आधीच उंच असेल तर हा नियम तुमच्या फायद्याचा. खालून वर काढायची असेल तर तोट्याचा.

भाषेच्या दाव्यांना तासांनी भागावं. आठवड्याला चार तास, सेमिस्टरचे पंधरा आठवडे, दोन वर्षं, म्हणजे २४० तास. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना जपानी कामापुरती यायला अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था सुमारे २,२०० वर्गतास धरते. स्पॅनिशला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तेव्हा ‘दोन वर्षांत जपानी अवगत’ असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जावं. जर्मन माध्यमाच्या पदवीसाठी साधारण सी१ ही वरची पातळी मागतात, म्हणजे टेस्टडाफ या जर्मन भाषेच्या परीक्षेच्या चारही भागांत टीडीएन ४ हा दर्जा. ‘बी१ आहे, तिकडे गेल्यावर जमेल’ हे तिथे चालत नाही. भाषा हेच मुख्य कारण असेल तर मिडलबरी कॉलेजची उन्हाळी भाषाशिबिरं बघावीत. १९१५ साली जर्मनपासून सुरू झालेली ही परंपरा. मुलं लेखी शपथ घेतात की शिबिरभर शिकत असलेल्या भाषेतच बोलायचं, मेसमध्येसुद्धा. पहिला आठवडा मुक्याचा जातो, पण दोन महिन्यांत जे होतं ते चार तास आठवड्याला बसून होत नाही.

पैशाच्या बाबतीत तीन पद्धती ओळखता आल्या पाहिजेत. पहिली, खरं एक्स्चेंज: फी घरच्या कॉलेजला भरायची, तिकडे नाही. स्वस्त पडतं, पण जितके जातात तितके आले पाहिजेत, म्हणून एका पार्टनरकडे वर्षाला दोन-तीन जागा असणं नेहमीचं. दोनशे पार्टनरांपैकी तुमच्या विषयाचे, तुमच्या भाषेत शिकवणारे आणि गेल्या दोन वर्षांत खरंच कुणी गेलेलं असे किती, हे मोजलं की दोनशेचे पंधरा होतात. दुसरी, मध्यस्थ संस्थेचा कार्यक्रम: जागा भरपूर, घर आणि विमा त्यांच्याकडून, फी त्यांची, कॉलेजची स्कॉलरशिप तिथे चालते का हा कळीचा प्रश्न. तिसरी, कुठेही गेलात तरी घरचीच फी, उरलेलं कॉलेज बघेल. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यासाठी ही सगळ्यात निवांत, फक्त स्वस्त देशातल्या सेमिस्टरलाही महागाच्या कॉलेजची फी द्यावी लागते.

परदेशातून अमेरिकेत पदवीला जाणाऱ्याने ‘कॉमन डेटा सेट’ हा कागद शोधावा. कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकले की सहसा मिळतो. त्यात बी२ मध्ये नॉनरेसिडेंट म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची संख्या, आणि एच६ मध्ये त्यांतल्या किती जणांना कॉलेजने मदत दिली आणि सरासरी किती. पदवीचे ४०० परदेशी आणि मदत ६० जणांना, असं दिसलं तर ब्रोशरमधलं ‘उदार अर्थसाहाय्य’ कितपत उदार ते तिथेच कळतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट इथे परदेशी अर्जदाराचीही ऐपत न बघता निवड होते आणि गरज पूर्ण भागवली जाते, पण अशी नावं फार थोडी. युनायटेड वर्ल्ड कॉलेज या आंतरराष्ट्रीय शाळांमधून आलेल्यांसाठी डेव्हिस शिष्यवृत्ती आहे. ती घेणाऱ्या कॉलेजांची यादी हा एक आडमार्गाने मिळालेला चांगला पुरावा, कारण तिथे दरवर्षी अनेक देशांतून मुलं येतात आणि ऑफिसला त्यांच्या अडचणी पाठ असतात.

मेजरचं नाव सारखं असलं तरी त्याचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकी सरकारी वर्गीकरणातला अभ्यासक्रमाचा क्रमांक, विचारा. अमेरिकेत नुसत्या इकॉनॉमिक्सचा कोड ४५.०६०१, आणि इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३. दुसरा स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या, यादीत आहे. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर पदवीनंतर कामाची मुभा १२ महिन्यांची, स्टेम असेल तर आणखी २४ महिने वाढू शकते. कोर्स जवळजवळ तेच, पण कोडच्या शेवटच्या एका आकड्याने दोन वर्षांचा फरक. बऱ्याच कॉलेजांनी आपला इकॉनॉमिक्सचा कोड बदलून घेतलाय, काहींनी नाही, आणि ब्रोशरमध्ये हे छापलेलं नसतं.

व्हिसाचं आणखी एक. अमेरिकेत शिकणारा परदेशी विद्यार्थी तिसऱ्या देशात सेमिस्टरला गेला तर कॉलेजने त्याची सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद चालू ठेवायला हवी, आणि परत येताना पासपोर्टमधला व्हिसा संपलेला नसावा. युरोपमध्ये एका देशाचा विद्यार्थी-परवाना असलेल्याला युरोपियन युनियनच्या २०१६/८०१ या निर्देशानुसार दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकता येतं, पण त्यासाठी युनियनचा किंवा बहुपक्षीय कार्यक्रम असावा लागतो, नाहीतर संस्थांमधला करार. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. स्वतःहून सेमिस्टर जुळवणाऱ्याला ही सवलत नाही. पुन्हा नवा व्हिसा, नवी रांग.

रँकिंगबद्दल थोडक्यात. क्यूएसच्या यादीत परदेशी विद्यार्थी, परदेशी प्राध्यापक आणि संशोधनाचं आंतरराष्ट्रीय जाळं यांना प्रत्येकी ५ टक्के. टाइम्स हायर एज्युकेशनमध्ये ‘इंटरनॅशनल आउटलुक’ला एकूण ७.५ टक्के. दोन्हीकडे मोजतात ती डोकी आणि सहलेखनं. छोट्या देशातल्या युनिव्हर्सिटीला शेजारच्या देशातून रोज ये-जा करणाऱ्यांमुळेही गुण मिळतात. तुमच्या मेजरचं घर परदेशात भरतं की नाही, याचा तिथे एकही गुण नाही.

आणि कॉलेज स्वतः किती टिकाऊ आहे? येल आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर यांच्या भागीदारीतलं येल-एनयूएस हे सिंगापूरचं कॉलेज २०११ साली उभं राहिलं, २०१३ मध्ये पहिली तुकडी आली, नाव आणि शिकवणं दोन्ही उत्तम. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते बंद करून दुसऱ्या कार्यक्रमात मिळवण्याची घोषणा झाली आणि २०२५ मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली. विद्यार्थ्यांना पदवी मिळाली, पण माजी विद्यार्थ्यांना आता परत जायला कॉलेज नाही. दोन संस्थांच्या भागीदारीतल्या कॉलेजात करार किती वर्षांचा, मुदत कधी संपते आणि मधेच मोडला तर पदवीवर नाव कुणाचं, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. इंग्रजी माध्यमालाही हेच लागू: डेन्मार्कने २०२१ मध्ये इंग्रजीतल्या पदवीच्या जागा कमी करण्याचा राजकीय निर्णय घेतला, आणि नेदरलँड्समध्येही इंग्रजी माध्यमाला आवर घालण्याचा विषय संसदेत गेला. कायदा, वैद्यक, आर्किटेक्चर यांना तर मायदेशातल्या परिषदेची मान्यता वेगळी लागते; १९९७ चा लिस्बन करार किंवा युनेस्कोचा २०२३ पासून लागू झालेला जागतिक करार पदवी ओळखायला मदत करतो, प्रॅक्टिसचा परवाना देत नाही.

शेवटी एक ईमेल. प्रवेश-विभागाला नाही, परदेशी अभ्यासाच्या ऑफिसला. त्यात पाच गोष्टी विचारा: माझ्या मेजरची किती मुलं गेल्या दोन वर्षांत एका सेमिस्टरपेक्षा कमी नाही इतक्या काळासाठी गेली, कुठे गेली, त्यांच्यातल्या कितींनी चार वर्षांत पदवी पूर्ण केली, माझी शिष्यवृत्ती सोबत जाते का, आणि कोर्स समकक्ष ठरवण्याची सही कोण करतं, त्याचं पद काय. उत्तरात आकडे आणि पद आलं तर ते ऑफिस कामाचं. ‘आमच्याकडे अमाप संधी आहेत, भेटीला या’ असं आलं तर हेच पाच प्रश्न एकदा त्या डिपार्टमेंटच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पाठवा. बऱ्याच कॉलेजांच्या साइटवर विद्यार्थी-दूतांशी बोलायची सोय असते. तिथून ‘आमच्या मेजरमधून कुणी गेलेलं आठवत नाही’ असं उत्तर आलं की ते कॉलेज यादीतून खोडायला हरकत नाही, मग पार्टनर दोनशे असोत की चारशे.